शाकारणी की खोदाई?

लोणावळ्यात ज्याच्या बंगल्यामागे स्विमिंग पूल नाही, त्याला शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक मिळणं आता अवघड झालंय. खंडाळा, कामशेत, पवनेचा काठ, घाट उतरून कर्जत, तिकडे अलिबाग, सगळीकडे तेच. पूल झाला की भोवती आठ-दहा फूट मोकळी जागा लागते. खुर्च्या टाकायला, ओले टॉवेल वाळत घालायला, पोरांना पळायला. ही जागा बहुतेक जण पेव्हर ब्लॉकने भरतात. पहिल्या वर्षी सगळं सपाट, फोटो काढण्यासारखं. दुसरा-तिसरा पावसाळा गेला की पुलाच्या काठालगतचा एक पट्टा खाली बसलेला दिसतो. तिथे पाणी साचतं, शेवाळ धरतं, आणि मग कुणाचा तरी पाय मुरगळतो.

पुढचं बोलणं अशाच एका बंगल्याच्या मागच्या अंगणातलं, गणपती होऊन पाऊस ओसरू लागल्यानंतरचं. बंगला भाची चालवते. बुकिंग, स्वयंपाकी, माळी, पुलातलं क्लोरीन, सगळा कारभार तिच्याच गळ्यात. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, जन्म रस्ते आणि मोऱ्यांवर गेलेला. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, वाद लांबला तो बहुधा त्यामुळेच. मी तिथे मध्ये पडलो नाही. जिथे राहवत नाही तिथे इथे लिहितो आहे.

भाची: मामा, एवढं वाकून काय बघताय? दरवर्षीचंच आहे ते. जुलैत हा पट्टा बसतो. ऑक्टोबरात मिस्त्री येतो, ब्लॉक उचलतो, खाली कच टाकतो, ब्लॉक परत बसवतो. दोन माणसं, एक दिवस. विषय संपला.

मामा: संपला कुठे? पुढच्या जुलैत परत बसतोच ना?

भाची: बसू दे की. आजोबांच्या घराची कौलं दरवर्षी शाकारायचे नाहीत का? मे महिन्यात माणसं वर चढायची, फुटकं कौल काढून नवं घालायची, वळचण नीट करायची. तेव्हा कुणी म्हटलं नाही की घर चुकीचं बांधलंय. घर म्हटलं की शाकारणी आली. माझ्या पेव्हरची ही शाकारणी समजा.

मामा: कौल सरकतं वाऱ्याने, माकडांनी. दुखणं वर आणि औषधही वर. तुझा एकतरी ब्लॉक फुटलाय का? ६० मिलिमीटरचे ब्लॉक आहेत हे. भारतीय मानक १५६५८ प्रमाणे पायी चालण्याच्या जागेला ५० मिलिमीटरचा ब्लॉकसुद्धा चालतो. म्हणजे ब्लॉकमध्ये तुम्ही काही वाचवलेलं नाही. ब्लॉक शाबूत आहे, खालची जमीन गेलीय.

भाची: जमीन जाऊन जाऊन जाणार कुठे?

मामा: पूल खोदला तेव्हा तू इथे होतीस. भिंतीच्या जागेएवढंच खोदलं होतं की जास्त?

भाची: जास्तच. जेसीबीवाल्याने भलामोठा खड्डा केला होता. मी विचारलं तर म्हणाला, शटरिंग लावायला माणूस उभा राहायला नको का?

मामा: बरोबर म्हणाला. भिंतीबाहेर दोन-अडीच फूट जादा खोदावंच लागतं. पुढे भिंत झाली, शटरिंग निघालं, आणि चारी बाजूंनी पाच फूट खोल चर उरली. ती कशाने भरली?

भाची: जे निघालं होतं त्यानेच. आणि मामा, खरं सांगते, त्यात विटांचे तुकडे होते, सिमेंटची रिकामी पोती होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. जेसीबीने लोटलं, वरून टँकरचं पाणी सोडलं, दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, बसलं.

मामा: आता तो पाटा आण.

मिस्त्रीचा सहा फुटी ॲल्युमिनियमचा पाटा माळ्याच्या खोलीत पडलेला होता. मामांनी त्याचं एक टोक पुलाच्या कोपिंगवर, म्हणजे काठावरच्या दगडी पट्टीवर, टेकवलं आणि दुसरं बंगल्याच्या दिशेने सोडलं. बंगल्याकडचे ब्लॉक पाट्याला चिकटले. कोपिंगही चिकटलं. मधल्या भागात मात्र पाट्याखाली उजेड दिसत होता. कोपिंगजवळ दोन बोटं सहज आत जात होती, तीन ओळी सोडून एकच, आणि साधारण अडीच फुटांवर नखसुद्धा जाईना. पुलाच्या लांब बाजूने पाटा कुठेही ठेवला तरी रुंदी तीच. खचलेली जागा ओबडधोबड नव्हती, पुलाच्या भिंतीला समांतर असा सरळ पट्टा होता. कंत्राटदाराने दहा पानी अहवाल लिहून दिला असता तरी चरीचा नकाशा इतका स्पष्ट निघाला नसता.

भाची: ठीक आहे, चर नीट भरली नाही. मान्य. पण मिस्त्री म्हणतो की भराव एक-दोन पावसाळ्यांत आपसूक बसतो. म्हणजे माझं काम फक्त वाट बघण्याचं. तो बसतो तेवढी मी वरून भर घालते. कधीतरी थांबेलच ना?

मामा: मिस्त्री खोटं बोलत नाही. आमच्याकडेही पूर्वी भराव टाकून एक पावसाळा जाऊ देत, मग वर रस्ता करत. सैल टाकलेली माती पहिल्यांदा नखशिखान्त भिजली की एकदम बसते. दुसऱ्या वर्षी कमी बसते, तिसऱ्या वर्षी आणखी कमी. पण हे कसल्या मातीबद्दल बोलतोय ते महत्त्वाचं. निव्वळ वाळू असती तर पाणी सोडून चांगली बसली असती. मुरमात चिकणमाती मिसळलेली असली की टँकरच्या पाण्याने चिखल होतो, तो सुकतो, आत पोकळ्या तशाच राहतात. १९३३ साली लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातल्या प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने हेच दाखवून दिलं. मातीची धरणं बांधत होते ते. फार कोरडी माती कितीही कुटा, बसत नाही. फार ओली असली तर पाणीच जागा अडवून बसतं. मधे कुठेतरी एक ओल असते, त्या ओलीला तेवढ्याच मेहनतीत माती सगळ्यात घट्ट बसते.

भाची: आता मी बंगल्यावर प्रयोगशाळा काढू का?

मामा: प्रयोगशाळेत तरी काय करतात? एक लिटरचा साचा, तीन थर, दर थराला अडीच किलोच्या हातोड्याचे २५ ठोके. इथे एवढं नको. मुरूम मुठीत दाबायचा. गोळा झाला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. अंगठ्याने दाबल्यावर गोळ्याचे सरळ दोन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी शिंपड, नुसताच चेपला तर सुकू दे. माझ्या हाताखालच्या मुकादमांना प्रॉक्टर कोण ते माहीत नव्हतं, पण मुठीवरून सांगायचे आणि चुकायचे नाहीत.

इथे माझं एक मत. आपल्याकडे बांधकामात जे डोळ्यांना दिसतं त्याला पैसा मिळतो. ब्लॉकचा रंग निवडायला सगळं कुटुंब शोरूमला जातं. भरावाचा थर बघायला कुणी जात नाही, आणि थर सहा इंचांचा टाकला की पाच फुटांचा, याने बिलात एक रुपयाचा फरक पडत नाही. मिस्त्रीला नावं ठेवण्याआधी हे लक्षात घेतलेलं बरं.

भाची: मामा, तुमचं शास्त्र सगळं मान्य. आता माझा हिशेब ऐका. लोणावळ्याचा सीझन पावसाळ्याचा. लोक भिजायलाच येतात. म्हणजे ज्या महिन्यांत ब्लॉक बसतात त्याच महिन्यांत बंगला भरलेला असतो. ऑक्टोबरात जरा श्वास मिळतो, लगेच दिवाळी. तुम्ही म्हणताय पुलाभोवती चारी बाजूंनी पाच फूट खोदा. म्हणजे महिनाभर बंगला बंद. त्या पैशात मी दहा वर्षं शाकारणी करेन. दरवर्षी थोडं बसलं, थोडं भरलं. त्यात चुकीचं काय, ते मला पैशांत सांगा, तत्त्वात नको.

मामा: हा मात्र चांगला प्रश्न आहे.

भाची: तुम्ही विषय टाळताय.

मामा: नाही, उत्तर तुझ्याच कपाटात आहे. मिस्त्रीची बिलं ठेवली आहेस?

भाची: सगळी. जीएसटीवाल्यांना दाखवायला लागतात.

तिने फाईल आणली. बिलं साध्या कागदावर हाताने लिहिलेली, पण मिस्त्री प्रामाणिक होता. कुठल्या बाजूला किती पोती कच पडली ते त्याने दर वर्षी वेगळं लिहिलं होतं, कारण मजुरी त्याच हिशेबाने घेतली होती. पहिल्या वर्षी चारही बाजूंना भरपूर. दुसऱ्या वर्षी लांबीच्या दोन्ही बाजूंना निम्म्याहून कमी, रुंदीच्या एका बाजूला जवळपास काहीच नाही. तिसऱ्या वर्षी सगळीकडे किरकोळ. फक्त पंपरूमच्या कोपऱ्यात, जिथे पाण्यावरचा कचरा ओढून घेणारा स्किमर आहे, तिथे तिन्ही वर्षी तेवढीच पोती. शेवटच्या बिलात तर थोडी जास्तच.

मामा: बघ. तीन बाजूंना तू म्हणतेस तेच खरं आहे. भराव बसतोय, दरवर्षी कमी बसतोय, थांबत आलाय. तिथे तुझी शाकारणी चालेल, मी हरलो. पण हा कोपरा थांबत नाहीये. भराव बसत असता तर आकडा उतरला असता. आकडा तसाच राहिला याचा अर्थ तिथली माती कुठेतरी वाहून चाललीय. तू वरून टाकतेस आणि पाणी ते खालून नेतं.

भाची: कुठलं पाणी?

मामा: दोनच असू शकतात, आभाळातलं किंवा पुलातलं. आधी आभाळातलं बघू. छपराचं पाणी कुठे सोडलंय?

भाची: तो काय, पाईप तिथेच येतो. पंपरूमच्या बाजूला.

मामा: शाबास. आता हिशेब कर. पुलाभोवतीचं हे अंगण साधारण १०० चौरस मीटर धरू. जुलैत इथे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे नवल नव्हे. १०० चौरस मीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. पाण्याचा एक मोठा टँकर. तो एका दिवसात या अंगणात रिता होतो, त्यात छपराचं पाणी वेगळं. अंगणाचा उतार कुठे आहे?

भाची: पुलाकडे. आता, म्हणजे, पट्टा बसल्यामुळे पुलाकडेच झालाय.

मामा: म्हणजे सगळा टँकर येऊन थांबतो कोपिंगच्या सांध्यावर. आणि तो सांधा बघ.

कोपिंग आणि पहिल्या ब्लॉकच्या मधली फट पांढऱ्या सिमेंटने भरलेली होती. दिसायला नीटनेटकी, पण मधोमध तडा गेलेली रेघ पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मामांनी खिशातली किल्ली त्या तड्यात घातली, ती दातांपर्यंत आत गेली. पुलाची भिंत हलत नाही, भराव हलतो. दोन्हींच्या मधला सांधा ताठ ठेवला की तो फुटणारच. तिथे सिमेंट नको, अर्धा इंच फट ठेवून आत फोमची दोरी आणि वर ताणलं-दाबलं जाईल असं सीलंट हवं. हे कोपिंगच्या दगडापेक्षा स्वस्त पडतं आणि तरीही क्वचितच कुठे केलेलं दिसतं.

भाची: म्हणजे छपराचा पाईप वळवला, सांधा सीलंटने भरला, झालं काम?

मामा: झालं असतं, पण मला पुलातल्या पाण्याचाही संशय आहे. पूल गळतो का?

भाची: छे! जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकदाही पाणी भरावं लागलेलं नाही.

मामा: पावसाळ्यात कसं कळणार? खालून जातंय आणि वरून येतंय. मे महिन्यात रोज किती भरत होतीस?

भाची: रोज सकाळी नळ सोडतो माळी. पण उन्हाळ्यात वाफ होतेच की.

मामा: होते. म्हणून अंदाज नको, बादली घे. पुलाच्या पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात पुलाचंच पाणी भरायचं, आतली पातळी आणि बाहेरची पातळी एकच. दोन्हीकडे खूण. वाफ दोन्हीकडे सारखीच होणार. २४ तासांनी बाहेरची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर पूल गळतो. पहिला दिवस पंप चालू ठेवून, दुसरा पंप बंद ठेवून. पंप चालू असताना जास्त गेलं तर पुलात पाणी परत आणणाऱ्या पाईपात गळती. दोन्ही दिवस सारखंच गेलं तर भिंत, लाइट नाहीतर स्किमरचा सांधा. मात्र पाऊस पूर्ण उघडल्यावरच कर, आणि त्या दोन दिवसांत कुणाला पोहू देऊ नकोस.

भाची: एवढं एक सेंटिमीटर उतरलं तर काय बिघडलं?

मामा: तुझा पूल ८ मीटर बाय ४. एक सेंटिमीटर म्हणजे ३२० लिटर, रोजचे. ते जातंय कुठे, तर त्याच चरीत. पाईपातून जोरात सुटलेलं पाणी बारीक माती आधी नेतं, मग मोठी. वरचे ब्लॉक एकमेकांत अडकून काही दिवस तसेच तोलून राहतात, खाली पोकळी. एक दिवस कुणीतरी जड माणूस खुर्ची ओढतो.

यावर ती गप्प झाली. मग स्वतःच म्हणाली, “उचलून बघू या.” पहिला ब्लॉक काढणं कठीण असतं. पहार घातली की शेजारच्याच्या कडा उडतात. माळ्याने दोन चपटे स्क्रू-ड्रायव्हर आणले, समोरासमोरच्या फटीत घातले, थोडं या बाजूने थोडं त्या बाजूने करत ब्लॉक वर आणला. बाकीचे हाताने निघाले. खाली कचीचा थर होता, चांगला चार-पाच इंच, म्हणजे तीन वर्षांची शाकारणी एकावर एक. मामांनी बारा एमएमची सळई घेतली आणि हातानेच दाबली. आधी थोडी अडली, मग एकदम कोपरभर आत गेली आणि हाताला काहीच लागेना. सळई बाहेर काढली तेव्हा टोकाला चिखल होता. जरा पलीकडे, अडीच फुटांबाहेर, तीच सळई वीतभर जाऊन टणकन थांबली.

भाची: हे आधी सांगितलं असतंत तर पाहुण्यांना या बाजूला जाऊच दिलं नसतं.

मामा: आता दोरी बांध. आणि दुसरी गोष्ट, ही कच. ब्लॉकखाली वाळूचा थर एक ते दीड इंचाचाच हवा. तो गादीसारखा नव्हे, ब्लॉकची खालची बाजू नीट टेकावी एवढ्यापुरता असतो. खड्डा बुजवायला वाळू वापरली की तीच वाळू पुढे सरकते, बसते, खालच्या खडीत उतरते. तीन बाजूंना शाकारणी करायची असेल तरी खोल जागा आधी मुरूम-खडीने कुटून वर आणायची, मग वर पातळ वाळू.

भाची: आणि या कोपऱ्यात?

मामा: इथे खोदाई. पण चारी बाजूंनी नाही, एवढ्या सहा-सात फुटांतच, सळई अडेल तिथपर्यंत. पाईप उघडा पडला की दोन्ही टोकांना बूच मारून पाण्याचा दाब देऊन बघायचा, दाब उतरतो का. सांधा दुरुस्त केल्याशिवाय एक घमेलं मातीही टाकायची नाही. पाईपाभोवती स्वच्छ वाळू पाणी मारून बसवायची. त्यावर मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, मुठीची परीक्षा करून. सिमेंटची पोती आणि विटा आत परत जाता कामा नयेत, तू उभी राहा.

भाची: मिस्त्री प्लेट कॉम्पॅक्टर लावायला तयार नाही. म्हणतो पुलाची भिंत हादरेल, टाइल्स उडतील.

मामा: भिंतीलगत त्याचं म्हणणं मी मोडणार नाही. भिंतीपासून दीड फुटापर्यंत हाताचा धुम्मस, बाहेर छोटा प्लेट कॉम्पॅक्टर. धुम्मसने कुटायचं तर थर आणखी पातळ, चार इंचांचा. वेळ लागेल, पण पाच फुटांची खोली आहे, जागा छोटी आहे. दोन दिवसांचं काम.

भाची: वर?

मामा: वर खडी-मुरमाचा थर कुटून, त्यावर जिओटेक्स्टाईलचं कापड, म्हणजे वाळू खाली उतरणार नाही. मग वाळू, दोन पाईप ठेवून त्यावरून पाटा ओढून सारखी करायची आणि तिच्यावर पाय द्यायचा नाही. ब्लॉक तेच, धुऊन. उतार पुलापासून बाहेर, ५० ला १. आठ फुटांत जेमतेम दोन इंच, डोळ्याला कळणारही नाही. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून भरायची, कॉम्पॅक्टर फिरवायचा, परत झाडायची. तिथे सिमेंटचं पाणी ओतायला आलेल्या माणसाला बाहेर काढायचं.

भाची: मिस्त्री आणखी एक म्हणाला होता. एकदा पूल रिकामा करून आतून तडे बघू या.

मामा: आत्ता? अजिबात नाही!

मामांचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि तो चढायलाच हवा होता. पावसाळ्याच्या शेवटी इथे जमिनीतलं पाणी अगदी वर आलेलं असतं. ८ बाय ४ च्या, सव्वा मीटर खोल पुलात ४० टन पाणी असतं आणि तेच वजन पुलाला खाली धरून ठेवतं. ते काढलं की बाहेरचं पाणी तळाला खालून वर रेटतं. तळ फुगू शकतो, तडकू शकतो, हलका पूल तर सबंध वर उचलला जाऊ शकतो. चांगल्या पुलाच्या तळात दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, पण तो आहे का आणि चालतो का, हे पाणी काढून तपासणं म्हणजे आगीशी खेळ. आतून बघायचंच असेल तर मे महिन्यात, आणि तेही शेजारच्या विहिरीची पातळी बघून.

भाची: बरं. पण आमच्या घरात तिसरं मत आहे, ते ऐकून घ्या. हे म्हणतात, हा सगळा पसारा उपटून टाका, चारी बाजूंनी काँक्रीटचा स्लॅब घाला, वर पोर्सेलिनच्या टाइल्स. एकदाच खर्च, परत बघायला नको.

मामा: जावईबापूंना सांग, परत बघायला मिळणार नाही, हीच त्यातली अडचण आहे. खाली हीच पोकळी राहिली तर स्लॅब काही वर्षं तिच्यावर नदीवरच्या पुलासारखा तोलून राहील. ब्लॉक बोटभर बसला की तुला दिसतं. स्लॅबखाली हातभर गेलं तरी दिसत नाही, एकदम तुटतं. आणि पाईप गळला तर ब्रेकर आणावा लागतो. ब्लॉक उचलायला दोन स्क्रू-ड्रायव्हर पुरले.

भाची: परदेशात म्हणे स्लॅबखाली फोम टोचतात, तो फुगतो आणि स्लॅब वर येतो.

मामा: येतो. तिकडे चालतं ते. पण ते अखंड स्लॅबसाठी. सुट्या ब्लॉकखाली फोम फुगवला तर एक ब्लॉक वर, शेजारचा खाली, आणि मग तो फोम काढणार कोण? शिवाय पाणी वाहतंच आहे, फोम काय त्याला अडवणार?

भाची: म्हणजे तुम्ही स्लॅबच्या विरोधात, आणि सगळं खोदण्याच्याही विरोधात. मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

मामा: हा कोपरा राहिला.

भाची: आणि बिलं. यापुढे मिस्त्रीला सांगते, बाजूनिहाय पोत्यांचा आकडा लिहिल्याशिवाय पैसे नाहीत.

मामा: आणि तारीख. कोपिंगवर चार जागी ऑइलपेंटने खूण कर. दर जूनला आणि दर ऑक्टोबरला पाटा लावून किती बोटं जातात ते लिही.

भाची: बोटं की मिलिमीटर?

मामा: मिलिमीटर. बोटं माळ्याची वेगळी, तुझी वेगळी.

भाची: खोदाई दिवाळीआधी होईल?

मामा: पाऊस उघडायला हवा, बादलीचे दोन दिवस, मग पाईप. प्लंबर वेळेवर आला तर होईल.

भाची: तो नाही येत वेळेवर. मग दिवाळीला दोरी बांधून तो कोपरा बंद ठेवते, कुंड्या लावते समोर. पण स्लॅबचं काय सांगू घरी?

मामा: सांग, स्लॅबला मामांची हरकत नाही, फक्त खाली कुठले पाईप कुठून गेलेत त्याचा नकाशा आधी दाखवा.

भाची: नकाशा कुणाकडेच नाहीये, मामा. कंत्राटदाराने दिलाच नाही.

मामा: मग कोपरा उघडला की आधी फोटो काढ, टेप शेजारी धरून. बुजवण्याच्या आत.